पंचवीस टक्क्यांचं लग्न

वारा आणि ऊन यांचं लग्न लावून देण्याचं सरकारने मनावर घेतलं आणि 14 मे 2018 रोजी पत्रिका निघाली. राष्ट्रीय पवन-सौर संकरित धोरण हे तिचं भारदस्त नाव. लग्न म्हटलं की गुणमेलन आलंच, पण 36 गुणांची कटकट या धोरणाने ठेवली नाही. पाहायचं ते एवढंच, की एका बाजूची स्थापित क्षमता दुसऱ्या बाजूच्या क्षमतेच्या निदान 25 टक्के हवी. 100 मेगावॉटच्या पवनचक्क्यांना 25 मेगावॉटचे सौर पॅनेल जोडले की योग जुळला, टाका अक्षता. 24 मेगावॉट जोडले तर मात्र दोघं नुसतेच शेजारी. ऊन तेच, वारा तोच, माळरानही तेच. पण एक मेगावॉट कमी पडला म्हणून सूर्यनारायण परका. पुढे 2020 मध्ये निविदांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आली आणि अट कडक झाली : करारातल्या एकूण क्षमतेच्या निदान 33 टक्के. म्हणजे वधू-वर तेच, फक्त भटजींनी पंचांग बदललं.

या टक्केवारीत मोजलं काय जातं, ते पाहा. मोजली जाते ती पाटीवर लिहिलेली क्षमता. पाटीवर 25 मेगावॉट लिहिलेला सौर प्रकल्प रात्री शून्य मेगावॉटचा असतो आणि वर्षभराची सरासरी काढली तर पाटीच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी वीज देतो. वाऱ्याचं वेळापत्रक आणखी वेगळं. महाराष्ट्रात वर्षभरातल्या पवन विजेचा मोठा वाटा जून ते सप्टेंबरमध्ये येतो, म्हणजे आभाळ भरलेलं असतं आणि पॅनेल मान टाकून बसलेले असतात तेव्हा. एक झोपला की दुसरा जागा, हे या जोडीचं खरं शहाणपण आणि त्याबद्दल वाद नाही. पण सोलापूर जिल्ह्यातला पंप ऐन पावसाळ्यात फारसा चालत नाही. तो चालतो पाऊस सरल्यावर, उसाला आणि डाळिंबाला पाणी द्यायला. आता जानेवारीतली संध्याकाळ घ्या. सूर्य सहा-सव्वासहाला मावळला, वारा पडलेला, आणि सात वाजता घराघरांत दिवे लागले, यंत्रमाग चालूच आहेत. त्या क्षणी 25 टक्क्यांचं लग्न किती वीज देतं? जवळजवळ काही नाही. साठवणूक जोडली असती तर दिलीही असती. पण धोरणात साठवणूक ऐच्छिक आहे. जोडली तर उत्तम, नाही जोडली तरी लग्न वैधच. राज्याच्या 2020 च्या अपारंपरिक ऊर्जा धोरणातही तेच. पवन आणि पवन-सौर मिळून 2,500 मेगावॉट असं लक्ष्य लिहिलं, पण ती वीज किती वाजता हवी, यासाठी शाई उरली नाही.

यावर कुणी म्हणेल, नियम करायचा तर कुठला तरी आकडा लागतोच. नाहीतर पवनचक्कीच्या पायथ्याशी चार पॅनेल टाकून लोक सवलती मागतील. मान्य. आकडा हवाच, पण तो कामाचा हवा. लबाडी रोखायला उत्पादनाचा तास मोजता येतो, कारण वीज किती वाजता किती आली याची नोंद मीटर ठेवतोच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : एकाच जागेवर दोन्ही उभे राहिले की जमीन वाचते, आणि एरवी बराच वेळ रिकामी पडून राहणारी वाहिनी, उपकेंद्र दोघांच्या कामी येतं. हा फायदा खरा आहे, किंबहुना या धोरणाचा सर्वात भक्कम आधार तोच आहे. म्हणूनच पुढच्या निविदांनी तो काढून घेतला असावा! आता दोघांनी एका ठिकाणी राहायची गरज नाही. ऊन एका राज्यात, वारा दुसऱ्या राज्यात, अधे-मधे शेकडो किलोमीटर, आणि कागदावर सुखी संसार. मग वाचलेली जमीन कुठली आणि दोघांनी वाटून घेतलेली वाहिनी कुठली? लग्नाचं कारण गेलं, दाखला उरला.

अंतराला काही अर्थ नाही, देशाचं जाळं आता एकच आहे, हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. हे सोलापूरला सांगायची गरज नाही. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर ही 765 केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. देश विजेने एक झाला तो याच जिल्ह्याच्या उंबऱ्यावर. आणि याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या वाट्याला आठवड्यातले काही दिवस दिवसाची वीज आणि बाकीचे दिवस रात्रीची! देशाची वीज डोक्यावरून जाते आणि खाली माणूस बॅटरी घेऊन, विंचू-सापाच्या अंगावर पाय पडू नये म्हणून जपत, पाटाची दारं मोडत फिरतो. रोहित्र जळलं तर नव्याची वाट पाहत उभं पीक वाळतं. भर उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर नेणारा सूर्य दिवसभर जिथे फुकट तापतो, तिथे पाणी मध्यरात्री का द्यायचं, याचं उत्तर कुठल्या टक्केवारीत आहे? दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये आली, 2023 मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली. योजनेची आवृत्ती बदलायला सहा वर्षं पुरतात. विजेची रात्रपाळी बदलायला किती लागतात, ते शेतकऱ्यालाच विचारा.

सरकारला हे कळत नाही असंही नाही, आणि राग येतो तो याचाच. 2023 मध्ये केंद्राने हव्या त्या वेळी खात्रीने मिळणाऱ्या अक्षय विजेच्या खरेदीसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. म्हणजे मेगावॉटसोबत घड्याळही पाहावं लागतं, हे कागदोपत्री मान्य झालेलं आहे. मग संकरित प्रकल्पाच्या व्याख्येत पाटीची टक्केवारी कशाला? ती खोडावी आणि तिथे एक साधी अट घालावी : सूर्यास्तानंतर ठरलेल्या तासांत ठरलेली वीज द्या, आणि नाही दिलीत तर दंड भरा. 24 आणि 25 चा घोळ त्याच दिवशी संपेल. तोवर वाचकांना एकच विनंती. संकरित प्रकल्पाच्या भूमिपूजनाचं निमंत्रण आलं तर जरूर जा, नारळ-पेढे घ्या, आणि भाषण करणाऱ्याला एवढंच विचारा : किती मेगावॉट ते कळलं, जानेवारीत संध्याकाळी सात वाजता किती?