उजवा कौल, सपाट स्लॅब

नांदगाव तिठ्यावरून देवगडच्या रस्त्याला लागा. वाटेत देवळं मोजू नका, जीर्णोद्धार मोजा.

गावात चार पैसे आले की आधी देवाचं घर पाडायचं, ही आपली नवी रीत. जांभ्याच्या जाड भिंती, लाकडी खांब, कौलारू छप्पर, दुपारी पाठ टेकली तर डोळा लागेल असा गार सभामंडप. सगळं म्हणे जुनाट! त्या जागी आरसीसी स्लॅब, गुळगुळीत टाइल्स, स्टीलचं रेलिंग. मे महिन्यात अनवाणी प्रदक्षिणा घातली, तर वेगळा नवस बोलायची गरज नाही.

देवाला विचारलं होतं का? विचारलं तर! उजवा कौल मिळाला. तो जीर्णोद्धाराला होता की स्लॅबला, तेवढं विचारायचं राहून गेलं.

नकाशा कोणाचा? ठेकेदाराचा. त्याने आधी शेजारच्या गावात मंगल कार्यालय बांधलं होतं. दिसतंच ते.

मग पाऊस येतो. कौलांवरून निमूट घरंगळून जाणारं पाणी स्लॅबवर मुक्काम ठोकतं. दोन-चार पावसाळ्यांत थेट गाभाऱ्यात अभिषेक सुरू. त्यात समुद्राचा खारा वारा. आतली सळई गंजते, फुगते आणि काँक्रीटचे पोपडे सभामंडपात प्रसादासारखे पडू लागतात.

समितीची तातडीची बैठक. मुंबई मंडळाकडे पावतीपुस्तकं रवाना. चाकरमानी खिसा रिकामा करतो आणि स्लॅबच्या डोक्यावर पत्र्याची शेड चढते. उतरती!

म्हणजे जुनं छप्परच परत आलं. फक्त निळं.

आता परंपरावाले छाती फुगवतील, ‘बघा, आमची कौलंच बरी.’ जरा दमानं घ्या. ही मंगलोरी कौलं १८६५ साली मंगळूरला बासेल मिशनच्या कारखान्यात निघाली. म्हणजे ग्रामदेवतेच्या डोक्यावर इतकी वर्षं मिशनऱ्यांचं छप्पर होतं! देवीने कधी तक्रार केली नाही. गळत नव्हतं ना.

तेव्हा नव्याशी भांडण नाहीच. भांडण आहे ते डोकं न चालवता नवं करण्याशी.

आमचा चाकरमानी दादरला ज्याच्यासमोरून वर्षानुवर्षं जातो, त्या पोर्तुगीज चर्चकडे त्याने एकदा मान वर करून बघावं. आजची इमारत वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची, १९७७ची. काँक्रीटच तिथेही आहे. पण छताची कवचं वर निमुळती होत गेलेली, गरम हवा वरच्या वर निघून जावी म्हणून. मधे उघडे चौक, म्हणजे वारा खेळता. घामाचा हिशेब आधी, भक्तीचा नंतर. इमारतीचं रूप पोर्तुगीज उरलेलं नाही, तरी लोक म्हणतात पोर्तुगीज चर्च. एवढं नवं करूनही परंपरा बुडाली नाही म्हणायची.

चर्चचं उदाहरण झोंबत असेल तर मावळात वडेश्वरला जा. आर्किटेक्ट समीप पडोरा यांच्या कार्यालयाने आराखडा केलेलं शिवमंदिर, २०१०चं. पुजारी आणि गावकरी यांच्याशी बोलून आखलेलं, श्रमदानातून उभं राहिलेलं. दगड जवळच्याच खाणीतला बेसॉल्ट. शिखराची ओळखीची चढण शाबूत, नक्षीला मात्र फाटा. माथ्यावर धातूचं टोपण, त्यातून थेट गाभाऱ्यात उतरणारा उजेड. ट्यूबलाइट नाही, की तिच्या पट्टीवर ‘सप्रेम भेट’ नाही.

आणि सभामंडप? बांधलाच नाही! आजूबाजूची झाडं आहेत, तीच मंडप. जे आयतं उभं आहे ते पाडून पुन्हा बांधायचं नाही, हे सुचायला आर्किटेक्ट लागावा?

आपल्याकडे लागतो. आणि नेमका तोच परवडत नाही. ग्रॅनाइट परवडतं.

या देवळाचा फोटो आमच्याकडच्या कुठल्याही देवस्थान समितीला दाखवून बघा. चष्मा लावून, फोन लांब धरून, सगळे बारकाईने बघतील. मग एक मानकरी घसा खाकरून विचारील, “बरा आसा हो. पण देणगीदारांची पाटी खंय लावची?”