सध्या चालू आहे

लग्नाच्या पंगतीत आपल्या शेजारी येऊन बसणारा एक माणूस ठरलेला असतो. मठ्ठ्याचा पहिला घोट घेतला की तो विचारतो, "काय मग, सध्या लेखन-वाचन काय म्हणतंय?" आपणही तोंडातली जिलबी घाईनं गिळून मुलाखतीत द्यावं तसं उत्तर देतो. परवा मी दिलं: "एक दीर्घ लेख लिहितोय. हल्ली बुद्धिबळ खेळतो. नेमाडे पुन्हा वाचायला काढलेत. आणि सिनेमे म्हणाल, तर निवडकच." चार वाक्यं, चारही थापा. पंगतीतलं पाप सदरात फेडावं म्हणतो.

आधी लेखन. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठी लेखकामागे दर पावसाळ्यात लागणारं लचांड सुरू झालं. माझ्या दीर्घ लेखाचं शीर्षक तयार आहे. पहिला परिच्छेद मी इतक्यांदा सुधारला, की आता त्याच्या दोनच ओळी उरल्यात. बाकी सगळं लेखन संपादकबाईंच्या नावे आहे. "उद्या सकाळी देतो." "आज रात्री नक्की." "वीज गेली होती." "शेवटचा हात फिरवतोय." हा मजकूर एकत्र केला तर लेखापेक्षा मोठा भरेल, आणि त्याची भाषाही जास्त ओघवती आहे. परवा बाईंनी विचारलं, "मग हेच छापू का?"

आता खेळ. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बाटुमीत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. वय १९. समोर कोनेरू हंपी. दोन्ही मोठे डाव बरोबरीत, निकाल लागला तो जलद डावांत. ग्रँडमास्टर व्हायला लागणारा एकही नॉर्म तिच्याकडे नव्हता. चषकाबरोबर किताब थेट पदरात पडला. इथे माझ्यातला मराठी माणूस जागा झाला आणि मी फोनवर बुद्धिबळ उतरवून घेतलं. पातळी निवडली सगळ्यात खालची. तिथे प्रतिस्पर्धी म्हणून एका गोबऱ्या पोराचं चित्र येतं. ते पोर रोज माझा वजीर खातं. सुदैवानं खेळलेली चाल मागे घ्यायची सोय आहे. मागे घेण्यात मी सरकारच्याही पुढे: शाळेत पहिलीपासून हिंदी आणणारे जीआर राज्य सरकारनं २०२५ च्या जूनमध्ये मागे घेतले, ते दोन. मी काल एका डावात सतरा चाली मागे घेतल्या आणि तरी हरलो.

वाचन. भालचंद्र नेमाड्यांची 'हिंदू' ही कादंबरी २०१० साली आली, तेव्हा पहिल्या झुंबडीत मी होतो. सहाशे पानांचं पुस्तक छातीशी धरून घरी आणलं. २०१५ मध्ये नेमाड्यांना ज्ञानपीठ जाहीर झालं, तेव्हा ते पुन्हा काढलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. परवाच्या पंगतीनंतर लाज वाटून तिसऱ्यांदा उघडलं. पान ७३ वर खुणेला एस.टी.चं तिकीट निघालं. मशिनवर छापलेलं, पातळ कागदाचं. कुठून कुठे गेलो, किती पैसे पडले, कोणत्या साली, सगळी शाई उडालेली. नुसती कोरी पट्टी. म्हणजे वाचणं कधी सोडलं, याचा पुरावाही शिल्लक नाही. पुस्तकाचं उपशीर्षक 'जगण्याची समृद्ध अडगळ' असं आहे. लेखकानं नाव देताना माझ्या कपाटाचा विचार केला असेल असं वाटत नाही. पण बसलं चपखल.

राहिलं पाहणं. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ला २०२५ च्या जानेवारीत सनडान्सला ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला मुंबईचा तरुण आणि तिथला त्याचा मित्र, अशी गोष्ट. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अभिनंदनाचे, टाळ्यांचे आणि तिरंग्यांचे ढीग पडले. पुढे सिनेमा थिएटरला लागला, तेव्हा "कोण कोण येतंय?" असं एकानं विचारलं. ग्रुपवर इतकी शांतता मी मेंटेनन्सची थकबाकी विचारल्यावरच पाहिलेली आहे. त्या शांततेत माझाही वाटा होता. त्या संध्याकाळी मी टीव्हीपुढे बसून चाळीस मिनिटं काय पाहावं ते ठरवलं आणि अखेर 'अशी ही बनवाबनवी' लावला. १९८८ चा. भाड्याच्या खोलीसाठी दोन बाप्ये साड्या नेसतात, ही तेव्हा अतिशयोक्ती होती. आजचं पुण्यातलं डिपॉझिट पाहता साडी स्वस्त पडेल. हा सिनेमा मी मधूनच लावतो, मधूनच बंद करतो. पण तो पुरा पाठ आहे, त्यामुळे अपुरा राहत नाही.

हिशेब असा. 'लिहितोय' म्हणजे शीर्षक झालंय, 'वाचतोय' म्हणजे विकत घेतलंय, 'खेळतो' म्हणजे हरतो आणि 'निवडक पाहतो' म्हणजे तेच ते पाहतो. यात त्या गोबऱ्या पोराचे आभार मानले पाहिजेत. माझ्या आयुष्यात रोज काहीतरी शेवटास जातं, ते त्याच्यामुळे. हरलो तरी डाव संपतो.

म्हणून पुढच्या लग्नात शेजारच्या पाटावरून प्रश्न आला, तर 'सध्या काय चाललंय' ते सांगू नका. आपलं सगळ्यांचं सगळंच चालू आहे. गेल्या महिन्यात काय संपवलं तेवढं सांगा. आणि काहीच संपलं नसेल, तर जिलबी घ्या. ताटातलं संपवणं आपल्याला उत्तम जमतं.