याचे काहीतरी होईल

छोट्या सैनिकांच्या युद्धखेळांसाठी घरच्या घरी डोंगर, पूल आणि पडकी घरे बनवणारा मनुष्य ओळखणे अवघड नसते, कारण दुसऱ्याच्या घरात शिरल्यावर त्याची नजर यजमानांच्या आधी कचऱ्याच्या डब्याकडे जाते. या खेळात सुमारे 28 मिलिमीटर उंचीचे धातूचे किंवा प्लॅस्टिकचे सैनिक मेजावर पट्टीने अंतर मोजून पुढे सरकवतात आणि कोण मेला हे फाशांवर ठरवतात. सैनिकांखालचा सारा मुलूख, ज्याला खेळाडू ‘टेरेन’ म्हणतात, तो या देखावेकाराच्या अखत्यारीत येतो. टूथपेस्टचे टोपण, बुचे, कॉफी ढवळण्याच्या लाकडी पट्ट्या यांपैकी काहीही कोणी फेकू लागला की तो हात धरतो आणि म्हणतो, “टाकू नका, याचे काहीतरी होईल.”

या वृत्तीला थोर परंपरा आहे. एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराने 1913 मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे या खेळाच्या नियमांचे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा त्याची रणभूमीही लाकडी ठोकळे आणि झाडांच्या डहाळ्या यांनीच सजत असे. पुढे 1980च्या दशकात ‘वॉरहॅमर’ काढणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या ‘व्हाइट ड्वार्फ’ या मासिकाने डिओडरंटच्या रिकाम्या डबीपासून तरंगता रणगाडा कसा करावा हे वाचकांना शिकवले, आणि तेव्हापासून इंग्लंडातील देखावेकारांच्या न्हाणीघरांतील एकही वस्तू निर्धास्त राहिलेली नाही.

स्वयंपाकघराची अवस्था याहून बिकट असते. चहाचा चोथा वाळवला की जंगलातला पाचोळा तयार होतो, म्हणून तो ओव्हनच्या ट्रेमध्ये पसरलेला आढळतो. काथ्याचे पायपुसणे कापून विंचरले की गव्हाचे पिकलेले शेत होते, म्हणून अशा घराच्या दाराशी पायपुसणे टिकत नाही, आणि पाहुणे चिखलाचे पाय घेऊन आत आले की घरातली मंडळी कपाळाला हात लावत असताना हा गृहस्थ त्या चिखलाची नेमकी छटा डोळ्यांत साठवत असतो. त्याचा मुख्य कच्चा माल म्हणजे घराच्या भिंतींत थंडी अडवण्यासाठी घालतात तो घट्ट फोम, ज्यावर ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगाळलेला गोळा दाबून फिरवला की दगडाचा पोत उमटतो. मात्र या फोमवर थेट स्प्रेचा रंग मारला तर रंगातील द्रावक फोमच खाऊन टाकतो, म्हणून आधी गोंद आणि काळा रंग यांचा लेप द्यावा लागतो. हे ठाऊक नसलेल्या नवशिक्याचा बुरूज डोळ्यांदेखत वितळतो, तेव्हा जाणकार त्याचे सांत्वन करण्याऐवजी बुरुजाला पडलेली भोके न्याहाळतो आणि तोफगोळ्यांचे खड्डे म्हणून याचे काहीतरी होईल, असा निर्वाळा देतो.

खेळाडूंशी त्याचे जुने वैर आहे. खऱ्या डोंगराला उतार असतो आणि उतारावर सैनिक उभा राहत नाही, म्हणून खेळाडूंना सपाट पायऱ्यांचा डोंगर हवा असतो. निसर्गात असा डोंगर नसतो हे देखावेकाराने कितीही वेळा समजावले, तरी सपाट पायरीवर चहाचा मगही ठेवता येतो, हा प्रतिपक्षाचा मुद्दा त्याला खोडता येत नाही. हल्ली तयार इमारती लेझरने कापून मिळतात आणि त्रिमितीय छपाईयंत्र रात्रभरात अख्खे चर्च छापून देते, त्यामुळे त्याची गरज संपली असे म्हणणारेही बरेच आहेत.

दिवाळीत गोणपाटावर माती लिंपून आणि अळीव पेरून ज्याने किल्ला केला असेल, त्याला मात्र या माणसावर फार काळ रागावता येत नाही, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. पडके घर करायचे असेल तर तो आधी धड घर बांधतो, आत फुलाफुलांचा भिंतकागद डकवतो, जिन्याशेजारी नखाएवढी तसबीर टांगतो, तिथे राहणारे कुटुंब कोणते असेल याचा विचार करतो आणि त्यानंतरच, जड हाताने, छत मोडतो. तो स्वतः क्वचितच खेळतो, कारण त्याच्या लेखी त्या मेजावर जे काही वाईट व्हायचे ते होऊन गेलेले असते. हे घर खेळाडू वरूनच पाहतात. फक्त शत्रू नेमबाजीच्या टप्प्यात दिसतो की नाही हे ठरवताना त्यांना मेजाशी वाकून सैनिकाच्या डोळ्यांच्या पातळीवरून पाहावे लागते, आणि तेवढा वेळ भिंतकागद आणि तसबीर एका परक्या माणसाच्या अगदी समोर येतात. देखावेकार श्वास रोखून उभा राहतो. खेळाडू एक डोळा मिटून बराच वेळ आत पाहतो, मग ताठ होतो आणि तसबिरीची भिंत अर्धा इंच कापता येईल का, असे विचारतो.