रफाराचा पाठलाग

मुद्रितशोधक, म्हणजे छापण्यापूर्वीचा कच्चा मजकूर (ज्याला छापखान्यात ‘प्रूफ’ म्हणतात) वाचून त्यातील चुका काढणारा मनुष्य, नोकरीतून निवृत्त झाला तरी चुका काढण्यातून निवृत्त होत नाही, हे त्याच्या शेजाऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही. कल्याणच्या पुढील शहाडमध्ये आढळणाऱ्या या प्रकाराचे वैशिष्ट्य असे की, उड्डाणपुलावर इतरांना खड्डे दिसतात तेथे त्याला फलक दिसतात. ‘सुचना’ तो दात आवळून सोडून देतो, ‘स्वागतोच्छुक’ दिसल्यास केवळ रिक्षा थांबवतो. परंतु ‘आर्शिवाद’ दिसला की त्याच्यातील पती, पिता आणि प्रवासी संपतात व निव्वळ शोधक उरतो.

रफार म्हणजे अक्षराच्या डोक्यावरील ती आकडी, जिचा उच्चार त्या अक्षराच्या आधी होतो. ‘आशीर्वाद’मध्ये तिची जागा ‘वा’वर आहे, पण र् कानाला ‘शी’च्या मागोमाग ऐकू येत असल्याने लिहिणारा तो ‘शी’वरच बसवतो आणि जाता जाता ‘शी’ ऱ्हस्वही करून टाकतो. शोधकाच्या मते हा रफार शहाडचे तिकीट काढून कल्याणलाच उतरलेला उतारू होय. हे मत त्याने वाण्याला, बिर्ला मंदिरातील अनोळखी भाविकांना आणि, पत्रिका छापून आल्यावर, स्वतःच्या व्याह्यांनाही ऐकवले आहे.

मराठी साहित्य महामंडळाचे १४ लेखननियम शासनाने १९६२ मध्ये मान्य केले व १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली, हे पाहुण्याला चहाच्या आधी कळते. मेजर थॉमस कँडी यांनी एकोणिसाव्या शतकात मराठीला विरामचिन्हांची ओळख करून दिली, याबद्दल तो कृतज्ञ आहे. मात्र वाढदिवसाच्या फलकावर ओळीने उभी असलेली तीन उद्गारचिन्हे पाहून कँडीसाहेबांनी घाई केली, असेही त्याला वाटते.

त्याचा कंटाळा येतो, हे खरे. तरीही मान्य करावे लागते की, ज्या पुस्तकांवर लेखकांचे सत्कार झाले त्यांत याचे नाव कोठेही नाही, कारण त्याचे काम नीट झाले की ते दिसतच नाही. आणि इमारतीतील कोणाचाही अर्ज, मग तो पाण्याचा असो वा विधवावेतनाचा, तो रात्री जागून, एक पैसा न घेता, निर्दोष करून देतो. आता मजकूर भ्रमणध्वनीवरून थेट फ्लेक्सवाल्याकडे जातो, आणि मध्ये प्रूफ नावाचा थांबाच उरलेला नाही.

गेल्या गणेशोत्सवात तो स्वतः फ्लेक्सच्या दुकानात जाऊन बसला. ‘आशीर्वाद’चा रफार ‘वा’वर नेला, तर जुन्या अक्षरसंचातून नव्यात उतरताना तो पुन्हा घसरला, अखेर दुकानातील वैतागलेल्या मुलाने तो शब्दच पुसला आणि मोकळ्या जागेत नेत्याचे छायाचित्र मोठे केले. नेत्याला हा बदल फार आवडला. शोधक सध्या त्या छायाचित्राखालील ‘संपर्कप्रमूख’मधील ‘मू’ ऱ्हस्व करून घेण्याच्या मागे आहे.