छापील काका

डोंबिवलीतल्या कुठल्याही सोसायटीत, साधारणपणे दुसऱ्या मजल्यावर, एक छापील काका राहतात. सरकारी नाहीतर निमसरकारी नोकरीतून निवृत्त, आणि घरात एक काचेचं कपाट, ज्याची किल्ली फक्त त्यांच्याकडे. "पुस्तक कसं, हातात घेऊन वाचावं," हे ते जिन्यात भेटलेल्या कुरिअरवाल्यालाही ऐकवतात. त्यातलं 'हातात घेणं' ते नियमाने करतात.

कपाट मात्र बघण्यासारखं असतं. प्रत्येक पुस्तकाला कालनिर्णयच्या जुन्या पानाचं कव्हर, तारखांची बाजू वर. त्यामुळे कण्यावर ना पुस्तकाचं नाव, ना लेखकाचं. १४, १५ आणि मधेच एखादी संकष्टी. काकांना पुस्तक सापडतं ते महिन्यावरून. "नाटकं सगळी मे-जूनमध्ये आहेत. आत्मचरित्रं डिसेंबरात बघ." २०१७च्या फेब्रुवारीत साहित्य संमेलन डोंबिवलीतच भरलं, तेव्हा ग्रंथप्रदर्शनातून काका दोन पिशव्या भरून पुस्तकं घेऊन आले. कव्हरांसाठी शेजाऱ्यांकडून आदल्या वर्षीची कॅलेंडरं मागून आणावी लागली. पुस्तकं अजून कोरी करकरीत आहेत.

छापलेलं ते खरं, हा काकांचा सिद्धांत. त्याला अपवाद एकच, वर्तमानपत्र. "सगळे विकले गेलेत," असं ते रोज सकाळी म्हणतात, आणि पेपर दारात पडायला दहा मिनिटं उशीर झाला की पेपर टाकणाऱ्या पोराला फोन करतात. अविश्वास दाखवायला माणसाला रोज काहीतरी ताजं लागतंच. मग लाल बॉलपेन घेऊन बसायचं. आधी पानभर जाहिराती उलटून खरं पहिलं पान शोधून काढायचं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांना गोल करायचे. पुढे कुठे एखाद्या बिल्डरचा हसरा फोटो दिसला, की भिंग लावून कोपऱ्यात बारीक अक्षरात 'जाहिरात' लिहिलंय का ते बघायचं. लिहिलेलं सापडलं, की "बघ!" नाही सापडलं, की त्याहून मोठ्याने "बघ!"

सगळ्यात शेवटी तळाची मालक-मुद्रक-संपादकाची ओळ. ती ते मोठ्याने वाचतात. "१८६७च्या कायद्याने छापणाऱ्याला स्वतःचं नाव आणि ठिकाण छापायला लावलं. तुमच्या मोबाइलवर जे येतं, त्याच्याखाली आहे का कुणाचं नाव?"

इथे थट्टा जरा बाजूला ठेवायला हवी, कारण काकांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. २००९च्या विधानसभा निवडणुकीत एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत एकाच नेत्याचं कौतुक शब्दाशब्दाने सारखं छापून आलं होतं. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते चव्हाट्यावर आणलं आणि 'पेड न्यूज' हा शब्द घरोघरी पोचला. प्रेस कौन्सिलच्या दोघांच्या समितीने अहवाल केला, पण तो पूर्ण स्वरूपात बाहेर यायला २०११ उजाडलं. काका हा इतिहास तारीखवार सांगतात. आणि त्या इमारतीत पेपरचं बिल नियमाने भरणारेही आता तेच.

पण परवा सोसायटीच्या ग्रुपवर तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याने गुडघे बरे होतात असं काहीसं आलं. खाली नाव कुणाचंच नव्हतं. काकांनी ते नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे नेलं, प्रिंट काढली आणि लिफ्टशेजारच्या फलकावर टाचणीने लावली. विचारलं तर म्हणाले, "अहो, छापील आहे!"

दुसऱ्याच्या आवडीनिवडीबद्दल काका फार उदार. "ज्याची त्याची आवड. आपण कोण सांगणारे?" एवढं म्हणून ते बूड टेकतात, आणि पुढचा पाऊण तास आपण कोण ते सांगतात. कुणाच्या मुलीने इंजिनीअरिंग सोडून बेकरी काढली, कुणी लग्नाआधीच वेगळं घर घेतलं, कुणी साबुदाण्याच्या खिचडीत कांदा घातला. प्रत्येकाला पूर्ण स्वातंत्र्य, फक्त आधी काकांना विचारायला हवं होतं.

घरात सूनबाई पोळ्या लाटताना कानात यंत्र घालून पुस्तकं ऐकते. काकांना ते वाचन वाटत नाही. "ऐकणं म्हणजे कीर्तन. वाचायला डोळे लागतात." गेल्या वर्षभरात तिची किती पुस्तकं झाली हे काकूंनी एकदा सांगायला सुरुवात केली, तर काकांनी तेवढ्यात पंखा वाढवायला सांगितलं.

पण एक कादंबरी तिला कानात मिळेना. तिने काकांकडे मागितली. काका विरघळले. कपाट उघडलं, ऑगस्ट काढला, वहीत तिची सही घेतली, पान दुमडायचं नाही अशी तंबी दिली. "अप्रतिम आहे. पुन्हापुन्हा वाचावी अशी. आता असं लिहिणारे राहिले नाहीत."

चौथ्या दिवशी ती कादंबरी घेऊन परत आली. "बाबा, यात पासष्ट ते ऐंशी पानं दोनदा आहेत. आणि एक्याऐंशी ते शहाण्णव नाहीतच."

बाइंडरने एक फॉर्मा दुबार लावला होता, दुसरा विसरला होता. दुकानात नेलं असतं तर आठवड्याभरात बदलून मिळालं असतं. काकूंनी ओठ घट्ट मिटले.

काकांनी भिंग घेतलं, ऐंशीच्या पुढचं सत्त्याण्णव पान बराच वेळ निरखलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "काढायला लावली असणार. वरून दबाव आला असेल."