तेविसावं पान

गेल्या रविवारी कासा नाक्यावरच्या टपरीत मराठीतली अलीकडची सर्वश्रेष्ठ कादंबरी ठरवायला आम्ही बसलो. साहित्य अकादमीला अशा कामासाठी तीन परीक्षक पुरतात. आम्ही पाच होतो, शिवाय जव्हारची गाडी लेट होती. साहित्यचर्चेला याहून पोषक हवामान नाही.

पहिला तास ‘अलीकडची’ म्हणजे कुठपासूनची, यातच गेला. निवृत्त गुरुजींच्या लेखी अलीकडचं साहित्य ‘कोसला’पासून सुरू होतं. ‘कोसला’ 1963 ची. त्या साली जन्मलेला एसटीवाला 2021 लाच घरी बसला, हा हिशेब कंडक्टरभाऊंनी बोटांवर करून दाखवला. गुरुजी म्हणाले, “मग? मी तर त्याच्याही आधीचा. मी काय जुना झालो?” यावर कोण बोलणार? ‘कोसला’ अलीकडची ठरली.

मग निकष. कंपाउंडरकाकांचा निकष जाडीचा. नेमाड्यांची ‘हिंदू’ आणि रंगनाथ पठाऱ्यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ त्यांनी कुणाच्या तरी कपाटात शेजारी शेजारी पाहिल्यात. “पुस्तक हातातून पडलं तर आवाज आला पाहिजे,” हे त्यांचं समीक्षासूत्र. मी त्याहून पोकळ सूत्रं जाड शब्दांत वाचली आहेत, म्हणून गप्प बसलो.

जिल्हा परिषदेच्या तरुण मास्तरांचा भर पुरस्कारांवर. अकादमीची यादी त्यांना पाढ्यासारखी पाठ: 2022 ला प्रवीण बांदेकरांची ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’, 2023 ला कृष्णात खोतांची ‘रिंगाण’. 2024 ला मात्र सुधीर रसाळांच्या समीक्षाग्रंथाचा मान झाला. त्यावरून मास्तरांनी निष्कर्ष काढला की त्या वर्षी कादंबरीचं पीक बुडालं असावं. पंचनामा झाला का, एवढंच विचारायचं राहिलं.

नंदा खऱ्यांचं नाव निघालं तेव्हा खरी पंचाईत झाली. ‘उद्या’ला अकादमीचा पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो नाकारला. पुरस्कार मिळाला म्हणजे श्रेष्ठ, मग नाकारला म्हणजे काय? बऱ्याच खलानंतर ठरलं की सर्वश्रेष्ठ. पण मास्तरांना शंका आली की आपण निवडल्याचं कळलं असतं तर त्यांनी आपलीही निवड नाकारली असती. अपमान टळावा म्हणून ‘उद्या’ परवावर ढकलली.

उरली ‘रिंगाण’. तिच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा असा की तिची एक प्रत आमच्याकडे होती. वर्गणी काढून घेतलेली, पाचही जणांकडून फिरून आलेली. धरणामुळे उठलेलं गाव आणि मागे राहिलेली म्हैस, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. तेवढं पाठच्या पानावरूनही कळतं.

मी सहज प्रत उघडली. प्रस्थापित वाचकांच्या खुणा जागच्या जागी होत्या. पहिल्या कोऱ्या पानाशी गुरुजींची पोस्टाची पावती. नवव्या पानावर गोळ्यांची रिकामी पट्टी. चौदाव्यावर डहाणू–कासा तिकीट. सतराव्यावर शाळेचं परिपत्रक. आणि तेविसाव्यावर पेट्रोल पंपाचं बिल. ते माझं. म्हणजे आमच्यातला सर्वांत व्यासंगी वाचक मीच, हे लक्षात येऊन ऊर भरून आला.

पुढचं पान उलटलं तर कोपऱ्यात बेसनाचा ठसा. त्याच्या पुढच्यावरही. तेलकट, पिवळा अंगठा शेवटच्या पानापर्यंत गेलेला.

पाचही माना भज्यांच्या कढईकडे वळल्या.

“तुम्ही इथंच टाकून गेलेले ना,” टपरीवाल्या मावशी म्हणाल्या. “चार रात्री लागल्या. म्हशीचं बरोबर लिवलंय. माझ्या बापाचं घर धामणी धरणात गेलं. आमची बैलजोडी नव्या जागेवरून दोनदा परत गेलेली. जनावराला कुठं कळतं, सरकारनं जागा बदलली म्हणून?”

टपरीत शांतता झाली. धामणी धरण इथून जवळच. त्यातलं सूर्या नदीचं पाणी वसई-विरारला जातं, मीरा-भाईंदरसाठीही योजना आहे. दोन्ही शहरांच्या त्या योजनेत मिळून दिवसाला 403 दशलक्ष लिटर. धरणग्रस्तांवरच्या ‘झाडाझडती’ला 1992 साली अकादमी मिळाली, एकतीस वर्षांनी ‘रिंगाण’ला मिळाली. पाणी शहरांना, पुरस्कार लेखकांना. धरणाशेजारच्या आम्हा वाचकांच्या वाट्याला पाठचं पान.

“मग मावशी, हीच एक नंबर ना?” मास्तरांनी विचारलं.

“बाकीच्या वाचल्याबिगर कसं सांगू?” मावशी म्हणाल्या.

इथे गुरुजींनी हरकत घेतली. ज्याने पुस्तक पुरतं वाचलंय त्याचं मन त्या पुस्तकाकडे झुकणारच; असा माणूस तटस्थ राहत नाही, सबब हे मत ग्राह्य धरू नये. ठराव चार विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. मी तटस्थ राहिलो; तेवीस पानांचा दोष माझ्याही माथी होता.

तेवढ्यात जव्हारची गाडी आली आणि परीक्षक मंडळ खिडकीच्या जागेसाठी धावलं. प्रत घ्यायला मी हात पुढे केला, तर मावशींनी ती बरणीमागे सरकवली.

“अकरा कटिंग बाकी आहेत. पैसे द्या, पुस्तक न्या.”

अशा रीतीने अलीकडच्या मराठी कादंबरीचं मूल्यमापन एकदाचं झालं: अकरा कटिंग. आठवडा उलटला, प्रत सोडवायला अजून कुणी फिरकलेलं नाही. मावशींनी मात्र निरोप धाडलाय, जाडी असेल ती कादंबरी उधारीपोटी ठेवून घेऊ.