ओव्हरफ्लोला बूच मारणाऱ्या मिस्त्रीस खुलं पत्र

मिस्त्री,

तुमचं नाव लिहीत नाही. कनेरगाव नाक्यावर ज्यांच्या गच्चीला तुमचा हात लागलाय, त्यांना ते सांगावं लागणार नाही.

आमच्या न्हाणीवरच्या लहान टाकीचा ओव्हरफ्लो रात्रंदिवस ठिबकत होता. तुम्ही शिडीवर चढलात, पाइपात लाकडी बूच ठोकलंत, वर चिंधी आवळलीत आणि "झालं काम" म्हणून पैसे मागितलेत. टाकीचं झाकणसुद्धा उघडलं नाहीत. पाणी कुठं जाणार होतं, मिस्त्री? ते झाकणाखालून पाझरलं आणि स्लॅबमध्ये मुरलं. ओलीनं सळई गंजते, गंजून फुगते आणि खालचं सिमेंट सोडवते. त्या पोपडे सुटलेल्या छताखाली आमची लेकरं झोपतात.

आतला कॉक बंद होत नाही, हे घरच्यांना कळावं म्हणून तर ओव्हरफ्लो असतो. तुम्ही गळती तशीच ठेवलीत आणि तिची खबर बंद केलीत. याला दुरुस्ती म्हणायचं धाडस होतं तरी कसं?

तुमचं काम शेवटी मी केलं. लहान टाकीत पाणी सोडणाऱ्या वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, कॉकचा तरंगता बॉल काढून कानाशी हलवला. आत पाणी डुचमळलं असतं, तर बॉल फुटका, बदलायचा. तो धड होता. कॉकमधलं वायसर मात्र झिजलेलं, वर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर. नवं वायसर घातलं, आट्यांना टेफलॉन टेप गुंडाळली आणि बॉलची दांडी जराशी खाली वाकवली. आता पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडाखाली इंचभर थांबतं. मोजून चार पैशांचं वायसर!

थेंबांनी काय होतं, असं तुम्ही म्हणाला होतात. सेकंदाला एक थेंब आणि 20 थेंबांचा एक मिलिलिटर धरा. दिवसाला 4 लिटरांवर पाणी जातं, वर्षाला दीड हजारांवर. आपण मराठवाड्यात राहतो. 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. उन्हाळ्यात बोअर आटले की डोक्यावर घागर कुणाच्या येते, हे तुमच्याही घरात दिसत असेल.

आमचं बूच मी काढलंय. बाकी जिथं जिथं मारलंय, तिथं जा, काढा, झाकण उघडा आणि वायसर बदलून द्या. पैसे तुम्ही आधीच घेतलेत.